सवतीच्या रणगाड्याची वात

६ जून, वसमत

आले एकदाची सासरी! सेनगावहून निघताना आई पदर डोळ्याला लावून उभी होती आणि मला मात्र जीपमध्ये हसू आवरत नव्हतं. बत्तिसाव्या वर्षी लग्न झालेल्या पोरीनं रडायचं तरी कशासाठी? इतकी वर्षं हिंगोलीच्या मोबाइल दुकानात लोकांचे फुटलेले फोन जोडत बसले. आता माझं घर, माझा नवरा, माझा ओटा. म्हटलं, रोजनिशीही नवी सुरू करावी.

नवरा बिजवर आहे, हे मला नातेवाइकांनी इतक्यांदा ऐकवलं की जणू ह्यांना तीन शिंगं आहेत. पहिली बायको पुनम तापानं गेली, मूलबाळ नाही. मी म्हटलं असू दे, गेलेलं माणूस भांडायला येत नाही. मला माणूस आवडला. विजयकुमार. (इथं लिहिते, तोंडानं घ्यायला अजून लाज वाटते.) बघायला आले तेव्हा पोहे तसेच ठेवून हे मला सोल्डरिंगबद्दल विचारत राहिले. माझे वडील गोंधळून गेले होते बिचारे.

घर मोंढ्याच्या मागच्या अंगाला आहे. वारा फिरला की बाजारातल्या हळदीचा वास घरात येतो. दोन खोल्या, स्लॅब, मागे पत्र्याचं शेड. शेडमध्ये ह्यांचं काम चालतं: रिमोटवर चालणारे रणगाडे दुरुस्त करायचं. खेळणं म्हणायचं नाही, मॉडेल म्हणायचं. हातभर लांब, तोफ फिरते, पट्टे खडखडतात. पुण्याचे, हैदराबादचे शौकीन लोक कुरिअरनं पाठवतात आणि वसमतसारख्या गावात ते बरे होतात. मला तर बाई गंमत वाटली.

उंबरठा ओलांडला आणि सासूबाईंनी गळ्यात चांदीचा टाक घातला. पातळ पत्रा, त्यावर लांब वेणीची बाई कोरलेली. ही मोठी, म्हणजे पुनम. सासूबाईंनी बजावलं: “नवं लुगडं आलं की आधी मोठीला लाव, मंग तू नेस. ताटातला पयला घास मोठीचा. तिचं तिला भेटलं की ती तकलीफ देत न्हाई.” दुसरेपणावर आलेल्या बायका हे करतातच, आमच्या गावातही बघितलंय. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, पुनमताई, तुम्ही तिकडं सुखी राहा, मी इकडं राहते.

९ जून

आज शेडमध्ये पहिला दिवस. बिघडून येणाऱ्या रणगाड्यांत बहुतेकांचं दुखणं एकच, धूर येत नाही. रणगाड्याच्या पोटात काडेपेटीएवढी धुराची डबी असते. तिच्यात तेल, तेलात वात, वातीभोवती बारीक तार. तार तापली की वातीतलं तेल धूर होऊन उठतं आणि छोटा पंप तो धूर मागच्या नळ्यांतून फुस्स फुस्स बाहेर ढकलतो. खरं इंजिन चालू असल्यासारखं वाटतं.

ह्यांनी तपासायचा क्रम शिकवला. आधी बॅटरी, कारण ती उतरली की पहिला धूरच जातो. मग तेल. कमी असेल तर वात करपते, जास्त झालं तर वात बुडते आणि नळी तेल थुंकत बसते. मग मीटर लावून तार तुटली का ते बघायचं. तरी धूर नसेल तर वात बदलायची. हैदराबादच्या एका डॉक्टरांच्या रणगाड्याची वात कोळसा झाली होती. मी चिमट्यानं ओढून काढली, नवी बसवली, बटण दाबलं आणि आला की धूर! हे टाळी वाजवून हसले. म्हणाले, हात चांगलाय तुमचा. मला अहो-जाहो करतात, त्याचंही हसू येतं. रात्री पोळ्या करताना मी गुणगुणत होते.

२२ जून

चांगल्या दिवसाला दृष्ट लागली. डॉक्टरांचा फोन आला. धूर झकास आहे म्हणाले, पण तो वास नाही, तुमच्या मिसेस घालायच्या तो. मिसेस! मी समोर उभी होते, फोनचा आवाज मोठा होता, आणि हे नुसतं हं हं करत राहिले.

मग कळलं. धुराचं तेल पुनम बनवायची. त्यात वाळ्याचं अत्तर थेंबभर घालायची. इथून गेलेला प्रत्येक रणगाडा तिच्या वासाचा धूर सोडायचा. वरच्या फळीवर एक हिरवा रणगाडा आहे, तो तिनं सुट्या भागांपासून स्वतः जोडलेला. विकायचा नाही, हलवायचा नाही. मी कपड्यानं पुसायला गेले तर ह्यांनी हात धरला. रागावले नाहीत, नुसता धरला. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

मला मिरच्या झोंबल्या. खोटं कशाला लिहू?

११ जुलै

रोज संध्याकाळी दिवेलागणीला हे शेडचं दार लोटून घेतात. मला वाटायचं हिशेब करतात. आज चहा घेऊन गेले तर फटीतून दिसलं. तो हिरवा रणगाडा टेबलावर, मागच्या नळ्यांतून धूर येतोय, आणि हे समोर बसून त्या धुराकडे बघतायत. ह्यांचा तसा चेहरा मी पाहिलेला नाही. माझ्याकडे बघताना तो चेहरा नसतो.

वाळ्याचा वास दाराबाहेर येत होता. मी चहा तुळशीत ओतला.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “बसून राहिला तर बसू दे ना. जित्या माणसानं मेल्याशी काहून बरोबरी करावी?” त्यांना बोलायला काय जातं? मला निम्मा नवरा नको आहे. इतकी वर्षं थांबले ती उरलंसुरलं घ्यायला नाही. ह्यांनी तसं माझ्याकडे बघावं, बस्स, मला दुसरं काही नको.

१६ ऑगस्ट

हे नांदेडला सामान आणायला गेले. सासूबाई पोथीला. मी हिरवा रणगाडा खाली काढला आणि ह्यांनीच शिकवलेल्या क्रमानं तपासला.

बॅटरी: नाही. बॅटरीची जागा रिकामी, टोकांवर गंज. तेल: नाही, डबी कोरडी. तार: मीटर लावलं, तुटलेली. म्हणजे या डबीतून धूर येणंच शक्य नाही.

झाकण लावलं, फळीवर ठेवला, पाठ वळवली. फुस्स. नळीतून पांढरा पुंजका आला. मग दुसरा. वाळ्याचा वास.

ऊन होतं, पत्रा तापला असेल, जुनं तेल कुठंतरी मुरलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. हे आल्यावर सहज विचारलं की त्याला कुठली बॅटरी लावता. हे म्हणाले, लावत नाही, मी नुसता जाऊन बसतो, ती येते.

मला भीती वाटायला हवी होती. पण ‘ती येते’ म्हणतानाचा ह्यांचा आवाज ऐकला आणि अंगाचा तिळपापड झाला.

१ सप्टेंबर, महालक्ष्म्या

ह्यांनी मला जांभळी साडी आणली. टाकाला लावली नाही. मीच आधी नेसले. टाक गळ्यातून काढून तांदळाच्या डब्यात खुपसला आणि ताटातला पहिला घास मी माझ्या तोंडात घातला. पुरणपोळीचा, तुपात बुडवून. कुणाचं काही वाकडं झालं नाही.

साडी छान दिसते म्हणाले हे. संध्याकाळी मात्र शेडमध्ये गेलेच.

८ सप्टेंबर

पितृपंधरवडा लागला. सासूबाईंनी सकाळी समोर बसवून सांगितलं. या दिवसांत गेलेल्या माणसांच्या नावानं आगारी टाकायची, म्हणजे गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि घास. धूर उठला की त्यांना पोचलं. “धूर म्हंजे त्याइचं जेवण. म्हणून पंधरवड्यात आपलं काहीबी जळू द्यायचं न्हाई पोरी. तुटलेला केस न्हाई, लुगड्याचा दोरा न्हाई. जे जळलं ते त्याइला गेलं.” आणि नवमीला, बायको नवऱ्याआधी गेली असेल तर तिची आगारी. सोमवारी पुनमची आहे.

मी मान डोलावली. डोक्यात वेगळंच चाललं होतं. तिचा धूर, तिचं जेवण, तिचा दिवस. आणि माझं काय?

९ सप्टेंबर

आज मी ते केलं.

हे पोस्टात गेले होते. मी हिरव्या रणगाड्याची डबी पूर्ण उघडली. मागच्या वेळी वात बघायची राहून गेली होती. ती कापसाची नव्हती. साडीच्या काठाची पट्टी होती, मोरपंखी, वळून वळून केलेली. तिच्या साडीचा काठ. म्हणजे हे होतं तर! तिनं स्वतःच घालून ठेवली असणार. मरायच्या आधी, की कधी, मला माहीत नाही. माझ्या मनात एकच होतं. वात बदलली की धूर बदलतो, हे तर मला पहिल्याच दिवशी शिकवलंय.

माझ्या लग्नाच्या शालूचा काठ कापला. वळला. तुटलेली तार बदलली, ताजं तेल घातलं, अत्तर नाही. बॅटरी लावली आणि वात नीट लागते का ते बघायला एकदा चालवून पाहिला. धूर आला. वाळ्याचा नाही. माझा. माझ्या अंगाला येतो तो, सोल्डर आणि शिकेकाईचा. कसा, ते विचारू नये. मला आनंद झाला.

सासूबाईंचं बोलणं तेव्हा आठवलं. पण धूर तर निघाला होता.

तिची मोरपंखी पट्टी टाकवेना. ओट्यावर ठेवली आणि कामात विसरले. नंतर बघते तर नाही.

संध्याकाळी हे आत गेले. मी फटीतून बघत होते. ह्यांनी श्वास घेतला, दचकले, आणि मग तो चेहरा. तोच. म्हणाले, आरोही.

माझं नाव. त्या आवाजात.

मी दार ढकलून आत गेले. अहो, मी इथं आहे, म्हणाले. ह्यांनी मान वर केली नाही. धुराकडे बघून माझं नाव घेत राहिले.

११ सप्टेंबर

जेवणाला चव नाही. मीठ घातलं, परत घातलं. सासूबाई खारट म्हणाल्या, मला काहीच लागत नाही.

सोल्डरिंगची कांडी बोटाला लागली. भाजलं नाही.

शेजारच्या रुख्मिणीबाई भिंतीवरून ह्यांना म्हणत होत्या, “तुमच्या मंडळीचे केस किती लांब हायेत, बाई! काल अंगणात वाळवून राहिल्या व्हत्या.” माझे केस खांद्यापर्यंत आहेत. मी भिंतीपाशीच उभी होते. रुख्मिणीबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण मागच्या पेरूकडे.

१२ सप्टेंबर

स्वयंपाकघरात कुणीतरी आहे. बांगड्या वाजतात, मोरपंखी काठ दिसतो. वाळ्याचा वास.

हे आतून ओरडून म्हणाले, पुनम, चहा टाक गं. आणि तिनं ओ दिली.

तिला ‘गं’ म्हणतात. मला कधी म्हणाले नाहीत.

१३ सप्टेंबर

तांदळाच्या डब्यातून टाक काढला. त्याच्यावरच्या बाईला वेणी नाही. केस खांद्यापर्यंत.

घाबरायचं नाही. बिघाड आहे, शोधायचा. क्रमानं.

वात काढून टाकली की सगळं परत होईल. शेडमध्ये गेले. झाकण उघडायला हात लावला, बोटं पत्र्यातून— परत लावली— धरताच येत नाही काही. पेन कसं धरलंय? धरलंय का? पानावर अक्षरं उमटतायत एवढं खरं.

बॅटरी आहे. तेल आहे. तार चांगली. वात चांगली. धूर चांगला येतो.

बिघाड कशातच नाही—

१४ सप्टेंबर

भिंतीवर तिचा फोटो होता. हार घातलेला. आज बघितलं, हार तोच. फोटो माझा. जांभळ्या साडीतला.

सासूबाई तिला सांगत होत्या, उद्या आहेव नवमी, धाकटीची आगारी टाकायची, वडे जरा जास्त कर, तिला आवडायचे. डोळे पुसत होत्या. मी ओरडले. आत्या, मी आहे, ही मेलेली आहे, ही— सासूबाईंनी धूर झाला म्हणून खिडकी उघडली.

ती वळली. माझ्याकडे सरळ बघितलं. तिला दिसते मी. तिला एकटीला.

१५ सप्टेंबर, अविधवा नवमी

गोवरी पेटली. निखारा. तूप. सासूबाईंनी घास टाकला आणि माझं नाव घेतलं, आमच्या आरोहीला पोचू दे म्हणाल्या.

पोचलं. खीर, वडा, कढी. चव आली. इतक्या दिवसांनी चव. मी खाल्लं. लाज वाटली, तरी खाल्लं.

ती ह्यांच्या शेजारी बसली होती. हे जेवले नाहीत. ताट सारून उठले, शेडमध्ये आले, दार लोटलं. रणगाड्यासमोर बसले. माझ्याकडे बघतायत. रडतायत. माझ्यासाठी. तोच चेहरा, आणि या वेळी पूर्ण माझा— निम्मा नाही, सगळा—

मी इतकी सुखी कधीच नव्हते.

दाराच्या फटीत ती उभी आहे. हातात चहा. बघतेय. तिच्या तोंडाकडे बघा! मला माहीत आहे तो जळफळाट, मी ओळखते— बघ म्हणावं, आता तू बघ—

हे गेले. सासूबाईंनी हाक मारली म्हणून. लगेच येतो म्हणाले मला.

ती आत आली. दाराला कडी. घाई नाही. फळीवरून चिमटा घेतला. झाकण उघडते आहे. हिला सगळं येतं, हिनंच तर जोडला—

तेल काढलं. थंडी वाजते.

बॅटरी—

चिमटा आत आला. वातीला धरलं. अहो, या ना लवकर, ही मला ओढून—